साथ आणि संवाद

साथ करणाऱ्याने स्वतःचे अस्तित्व कितपत विसरावे, हा प्रश्न आम्हांस एका परदेशी रचनेने नव्याने विचारला. जर्मन रचनाकार बाख याने व्हायोला दा गांबा आणि हार्पसिकॉर्ड या वाद्यांसाठी तीन सोनाटा लिहिल्या. त्यांपैकी जी मेजर स्वरातील सोनाटा आम्ही अंबाजोगाईस घरी बसून ध्वनिमुद्रणावरून ऐकत होतो. गांबा हे पायांमध्ये धरून गजाने वाजवावयाचे, तातीच्या तारांचे, खर्जाकडे झुकणारे वाद्य. हार्पसिकॉर्डला पेटीप्रमाणे पट्ट्या असल्या तरी आत तारा छेडल्या जातात. त्या काळचा प्रघात असा की, पट्ट्यांच्या वादकास केवळ खर्जाची ओळ व तिजवरील आकडे लिहून द्यावयाचे; उरलेली भर त्याने आपल्या समजुतीने घालावी. बाखने येथे हा प्रघात बाजूस सारला. डाव्या हातास खर्ज दिला, पण उजव्या हातास गांबाच्या तोडीची स्वतंत्र सुरावट नेमून दिली. हेच संगीत दोन बासऱ्या व खर्ज अशा रूपातही उपलब्ध आहे. म्हणजे एका बासरीचा वाटा गांबाकडे, दुसरीचा त्या उजव्या हाताकडे. तेव्हा ही सोनाटा वाजविताना गांबावादकास वारंवार मागे सरावे लागते. तो सरला नाही, तर निम्मी रचना ऐकूच येत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यास हे नवल वाटू नये. येथल्याच आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांस पखवाजवादनासाठी १९८६ साली पद्मश्री मिळाली. ध्रुपदात पखवाजी नुसता ठेका धरून बसत नाही; गायकाच्या लयकारीस तो तत्क्षणी उत्तर देतो. विलंबित ख्यालातील तबलजी मात्र बहुधा ठेका राखून असतो. त्याची योग्यता कमी काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. तासभर लय ढळू न देणे हीही तपश्चर्याच. परंतु आत्मलोप स्वतः पत्करलेला असेल तरच तो गुण. दुसऱ्याने लादलेल्या आत्मलोपास गुण म्हणणे, ही लादणाऱ्याची सोय होय.

हे सर्व आम्ही घरात मोठ्या उत्साहाने बोलून दाखविले. आमच्या भजनास गेली तीस वर्षे आमच्या सौभाग्यवतीच पेटीची साथ करीत आल्या आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, कडवे संपले की दोन आवर्तने पेटीची असतात. तुम्ही कधी थांबलात?"

आम्हांस एकही प्रसंग आठवेना. पुढल्या एकादशीस आम्ही थांबलो. हात कोठे ठेवावेत तेही कळेना, आणि पहिल्या आवर्तनाअखेर सवयीने आमचे तोंड उघडलेच. पेटी मात्र थांबली नाही.