काव्याचे मौन आणि चित्राचे उत्तरदायित्व

कवीने न सांगितलेले सांगण्याचा अधिकार चित्रकाराला असतो काय? हा प्रश्न वरवर कलाविचाराचा वाटतो. परंतु न सांगितलेली गोष्ट कोणाच्या तरी दोषासंबंधी असेल, तर तो नीतिविचाराचा होतो. कांदिवलीत ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने घरातील जुन्या तसबिरीचा हवाला देऊन विचारले, “विश्वामित्र मुलीला नाकारतो, तो प्रवेश नाटकात कोठे आहे?” तो प्रवेश नाही, एवढे उत्तर पुरेसे नव्हते.

ती तसबीर होती राजा रविवर्म्याच्या ‘शकुंतलाजन्मा’ची. १८९४ साली गिरगावात सुरू झालेल्या त्याच्या छापखान्याचे हे आरंभीचे चित्र. मेनका अर्भक पुढे धरते. विश्वामित्र तोंड फिरवून हात आडवा करतो. महाभारताच्या आदिपर्वात मात्र मेनका नवजात मुलीला मालिनीच्या काठी सोडून इंद्रसभेत परतते. त्या क्षणी विश्वामित्र तेथे नाही. कालिदास तर जन्मप्रसंग रंगभूमीवर आणीतच नाही. पहिल्या अंकात अनसूया तो राजाला सांगू लागते आणि लाजून मध्येच थांबते. मुलगी टाकून दिलेली होती एवढे कळते. टाकले कोणी, हे वाक्यात येत नाही.

चित्राला असे कर्त्यावाचून बोलता येत नाही. लेसिंगने १७६६ मध्ये काव्याचा काळाशी आणि चित्राचा अवकाशाशी जो संबंध दाखविला, त्याचा हा एक नैतिक परिणाम म्हणावा लागेल. चित्रात हात दाखवायचा तर तो कोणाचा, हे ठरवावेच लागते. रविवर्म्याने तो पित्याचा ठरविला आणि महाकाव्यात मातेकडे असलेले कृत्य पित्याकडे गेले.

हा संहितेशी केलेला द्रोह मानावा काय? आनंदवर्धनाच्या परिभाषेत बोलायचे तर व्यंग्य होते ते येथे वाच्य झाले, असा आक्षेप घेता येईल. तथापि चित्रालाही स्वतःचा ध्वनी असतो. विश्वामित्राच्या त्या हातात पाचव्या अंकातील दुष्यंताचा नकार आधीच उमटलेला आहे. त्याच अंकाच्या शेवटी अव्हेरलेल्या कन्येला एक स्त्रीरूप तेज उचलून नेते. मागाहून त्यामागे मेनका असल्याचे कळते. म्हणजे कालिदासाची मेनका मुलीला अखेर जवळ करणारी आहे. रविवर्मा नाटकातील एका प्रवेशाशी नव्हे, तर संपूर्ण नाटकाच्या न्यायबुद्धीशी प्रामाणिक राहिला, असे मला वाटते.

तरीही प्रश्न संपत नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये सॅम्युअल पामरने व्हर्जिलच्या गोपकाव्यांसाठी अम्लरेखने केली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, त्याच्याच भाषांतरासह ग्रंथरूपाने निघाली. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून आम्लाने खोदलेल्या त्या रेषांच्या सोबतीला काव्य होते. वाचकाला पाने उलटून चित्रकाराची साक्ष तपासता येत होती. रविवर्म्याची शिलामुद्रिते भिंतीवर गेली, पुष्कळदा देवांच्या तसबिरींच्या रांगेत. त्यांच्यासमोर काव्याचे पान नव्हते. त्यामुळे जे भाष्य होते तेच मूळ ठरले, आणि एका कलावंताचा निवाडा अनेकांच्या घरी ‘घडलेली गोष्ट’ होऊन बसला.

म्हणून मला असे म्हणावेसे वाटते की, भर घालण्याचा चित्रकाराचा अधिकार नाकारता येत नाही. मात्र ती भर आहे हे ओळखण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी एकट्या चित्रकाराची नाही. ‘हे नाटकात नाही’ असे सांगून तसबीर खोटी ठरविणे सोपे असते. त्या विद्यार्थिनीला आदिपर्व, नाटक आणि तसबीर शेजारी ठेवून दाखविणे हे समीक्षेचे काम होय. तसे केल्यावर ती म्हणाली, “तिघांनीही मुलीला टाकलेलेच दाखवलंय, भांडण फक्त कोणी टाकलं याचं आहे.” तिच्या या वाक्यापुढे माझा अधिकाराचा प्रश्नच मला किंचित लहान वाटू लागला.