बत्तिसावं प्रकरण

हर्मन मेल्व्हिलची 'मोबी डिक' पहिल्यांदा वाचली तेव्हा बत्तिसावं प्रकरण मी पानं उलटून सरळ ओलांडलं होतं. जहाज समुद्राला लागलंय, कप्तान एहॅबचं दर्शन नुकतंच घडलंय, आणि हा निवेदक इश्माएल मध्येच देवमाशांच्या जाती लावत बसतो. त्याही कशा, तर पुस्तकांच्या आकारावरून: थोरले फोलिओ, मधले ऑक्टाव्हो, धाकटे ड्युओडेसिमो. छापखान्यातला कागद मोजावा तसे देवमासे!

दुसऱ्या खेपेला हसू आलं. देवमासा सस्तन आहे हे लिनियसने 1758 साली मांडलं होतं. (1735च्या पहिल्या आवृत्तीत त्याने स्वतःही त्याला माशांतच बसवलं होतं, हे सोडून द्या.) कादंबरी 1851ची. इश्माएल लिनियसची कारणं नँटकेटच्या दोन खलाशी मित्रांपुढे ठेवतो, त्यांना ती पटत नाहीत, आणि मग बायबलमधल्या योनाला पाठीशी घेऊन हा निकाल देतो की देवमासा हा मासाच. विद्वानांची टिंगल, एवढाच अर्थ मी तेव्हा लावला.

तो डळमळला एका जुन्या खटल्याने. 1818 साली न्यूयॉर्कमध्ये माशाच्या तेलाची सरकारी तपासणी सक्तीची होती. सॅम्युएल जड याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपं तपासणीविना घेतली, म्हणून निरीक्षक जेम्स मॉरिसने त्याच्यावर दंडाचा दावा लावला. जडचं म्हणणं: जो मासाच नव्हे त्याचं तेल माशाचं कसं? त्याच्या बाजूने सॅम्युएल मिचिल हे नामवंत निसर्गअभ्यासक साक्षीला उभे राहिले. साक्षीदारांत एका कप्तानाचं आडनावच फिश होतं. कादंबरीत हे कुणी खपवून घेतलं नसतं. ज्युरीने मिचिलसाहेबांची विद्वत्ता ऐकून घेतली आणि कौल दिला निरीक्षकाला. दंड 75 डॉलर. पुढच्याच वर्षी त्याच शहरात मेल्व्हिल जन्मला.

म्हणजे इश्माएलचं मत हे त्या शहरातल्या चारचौघांचं मत होतं. आता प्रकरण वाचताना लक्षात येतं की फुप्फुसं, गरम रक्त यांतलं काहीच तो नाकारत नाही. सगळं मान्य करतो आणि व्याख्या मात्र होडीतून दिसेल तेवढ्यावर बेततो: फवारा उडवणारा, आडव्या शेपटीचा मासा. हातात भाला घेतलेल्या माणसाला पाण्यात ओळखायला तेवढं पुरतं. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या, असं काही मी म्हणणार नाही. देवमाशाचा आजचा सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा आहे. पण आपण तरी काय करतो? नावातच 'मासा' ठेवतो, आणि तस्करीतलं अंबरग्रीस पकडलं गेलं की 'व्हेल माशाची उलटी' असा मथळा छापतो. ज्युरीत आपण असतो तर जड सुटला असता असं मला वाटत नाही.

शेवटी इश्माएल आपली वर्गवारी मुद्दाम अपुरी सोडतो. दाखला देतो कोलोनच्या कॅथेड्रलचा, ज्याच्या अर्धवट मनोऱ्यावर यारी तशीच उभी होती. 1248 साली सुरू झालेलं ते काम 1880 साली पुरं झालं. मेल्व्हिल तेव्हा न्यूयॉर्कच्या बंदरात जकात निरीक्षक होता.