काठावरचा गारवा कोणाचा?

शिकागोच्या हवामान अंदाजाला वसंताच्या अखेरीस एक शेपूट हमखास लावलेलं असतं: ‘तळ्याकाठी याहून गार’. आकडा सांगून झाला की निवेदक हे सवयीने म्हणतो आणि ऐकणाराही सवयीने सोडून देतो. यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला ते सोडून देता आलं नाही. त्या आठवड्यात शेपूट मूळ आकड्यापेक्षा मोठं झालं होतं.

‘तळं’ हा शब्द तसा तोकडाच. मिशिगन सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर; आपला अख्खा कोकण विभाग त्यात जवळपास दोनदा मावेल. हिवाळ्यात गारठलेलं एवढं पाणी तापायला महिने घेतं. मे संपत आला तरी काठाजवळचं पाणी १० ते १५ अंश सेल्सिअसच्या घरात असतं. जमीन मात्र ऊन पडलं की लगेच तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि पाण्यावरची थंड, जड हवा आत सरकते. शाळेच्या भूगोलात ‘खारे वारे’ म्हणून शिकलो ते हेच, फक्त मीठ वगळून. हा वारा कधी काठापासून दोन-तीन किलोमीटरवर थबकतो, कधी वीस-पंचवीस किलोमीटर आत जातो. पश्चिमेचा वारा जोरात असेल, तर काठावर पायही ठेवू शकत नाही.

माझं ऑफिस काठाजवळ आहे आणि घर दहा-एक किलोमीटर आत. त्यामुळे सोमवार ते बुधवार मी रोज दोन शहरांत राहिलो. घराजवळ ३१ अंश, ऑफिसच्या दारात १८. सकाळी अंगावर नको झालेलं जॅकेट दुपारी जेवायला बाहेर पडताना शोधावं लागे. गुरुवारी नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि काठही भाजून निघाला. शुक्रवारी विजांसह पाऊस झाला. शनिवारी ईशान्येचा वारा धुकं घेऊन आला आणि आत-बाहेर सगळीकडे १३ अंश. समानता आली ती अशी, सगळ्यांना सारखं कुडकुडायला लावून.

शिकागोचं अधिकृत तापमान १९८० पासून ओहेअर विमानतळावर मोजलं जातं, म्हणजे तळ्यापासून बऱ्याच आत. तो आकडा खोटा नाही, पण तो सगळ्या शहराचाही नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हाला हे लवकर शिकवलं जातं. आपली सेवा किती वेगवान आहे हे सरासरीवरून ठरवायचं नाही. शंभरातल्या सर्वांत मागे पडलेल्या एकाला किती थांबावं लागलं ते बघायचं. सरासरी छान दिसत असते, आणि तेवढ्यात तो एक कंटाळून निघून गेलेला असतो.

याच आठवड्यात टीममधल्या एकाशी माझा वाद झाला. त्याचं घर अगदी काठावर आहे. खिडकी उघडली की वारा आत. मी म्हटलं, ‘नशीबवान आहेस.’ तो म्हणाला, ‘नशीब कसलं? त्याचं भाडं भरतो मी.’ वाक्य बिनतोड वाटतं. मी डोंबिवलीत वाढलो, त्यामुळे वाऱ्याला चौरस फुटाचा भाव असतो हे मला नवीन नाही. मुंबईत ‘सी-फेसिंग’ या एका शब्दाने घराची किंमत कुठल्या कुठे जाते. पण भाडं जातं ते घरमालकाला, आणि घरमालकाने वारा केलेला नाही. त्याने फक्त वारा जिथे पोचतो तिथली जागा धरून ठेवली आहे. पैसे मोजले म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, हे खरं. मोजलेली वस्तू विकणाऱ्याची होती का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

यावर सोपं उत्तर असं की निसर्ग कोणाला बांधील नाही. वारा दहा किलोमीटरवर थांबला तर अकराव्या किलोमीटरवरच्या माणसावर कोणी अन्याय केला? कोणीच नाही. जॉन रॉल्सने ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या १९७१च्या ग्रंथात अशाच प्रश्नाची दोन भागांत फोड केली आहे. निसर्गाने केलेली वाटणी न्याय्यही नसते आणि अन्याय्यही नसते. न्याय-अन्यायाचा प्रश्न येतो तो समाजाच्या संस्था त्या वाटणीचं पुढे काय करतात तिथे. म्हणजे वाऱ्याला जाब विचारायचा नाही, काठाला विचारायचा.

आणि शिकागोच्या काठाने काही जाब चांगले दिले आहेत. १८३६ मध्ये शहराच्या नकाशावर काठाजवळच्या एका पट्ट्यात ही जागा सार्वजनिक असून कायम मोकळी राहील असं लिहून ठेवलं गेलं. पुढे तिथे इमारती उठू लागल्या, तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड हा टपालाने माल विकणारा व्यापारी १८९० पासून वीस वर्षं कोर्टात भांडत राहिला. त्यापायी शहरातल्या अनेक बड्या मंडळींची नाराजी त्याने ओढवून घेतली. आज तिथे ग्रँट पार्क आहे. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तळाचा मोठा भाग एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता आणि चार वर्षांनी निर्णय फिरवला. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार या पाण्याचं मालक असलं तरी ते लोकांचं विश्वस्त म्हणून. असा ठेवा ते देऊन टाकू शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या १९९६ च्या निकालात, हेच तत्त्व भारतात लागू करताना या खटल्याचा आधार घेतला.

एवढ्यावर निबंध संपवता आला असता, पण काठ मोकळा असणं आणि काठावर जाता येणं या दोन गोष्टी आहेत. २७ जुलै १९१९ रोजी, उकाड्याच्या दिवसांत, युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर खेळत एकोणतिसाव्या रस्त्याच्या किनाऱ्याजवळ गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. त्या पाण्यावर कायद्याने रेषा आखलेली नव्हती. ती लोकांच्या डोक्यात होती.

मराठी वाचकाला ही रेषा ओळखीची वाटेल. मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर काम झालं होतं. तरी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो माणसांना चालत जावं लागलं आणि परतताना मार खावा लागला. वर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं ते वेगळंच. शिकागो आणि महाडचे प्रश्न एक नाहीत, आणि ते एका मापात बसवू नयेत. पण ‘सर्वांसाठी खुलं’ हे वाक्य लिहिल्यावर काम संपत नाही, एवढं दोन्हीकडून दिसतं.

रेषा पुसली तरी अंतर उरतं. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत एका आठवड्यात नेहमीपेक्षा सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यात घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्गने ‘हीट वेव्ह’ या २००२च्या पुस्तकात नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली आहे. दोन्ही गरीब, दोन्ही काठापासून आत, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध. तरी पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या कैकपट होता. दुसरीत रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी; म्हातारी माणसं खाली उतरून थंड दुकानात जाऊन बसू शकत होती. पहिलीत रिकामे प्लॉट, ओसाड रस्ते. दार उघडायचीही भीती. वारा दोन्हीकडे नव्हता. वाट एकीकडे होती.

म्हणून माझं उत्तर असं: काठावर राहणाऱ्याने गारव्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. मी स्वतः आठवड्यातले पाच दिवस तो गारवा पगारासोबत फुकट घेतो. पण ‘मी पैसे मोजले’ म्हणून तो आपला झाला, असंही म्हणायचं नाही. जे आपण केलेलं नाही, ते आपल्याकडे आलं की त्याच्यासोबत एक काम येतं: दुसऱ्याची वाट अडवायची नाही आणि जिथे वाट नाही तिथे ती व्हावी म्हणून आपला वाटा उचलायचा. तो वाटा फार उदात्त नसतो. काठापर्यंत येणाऱ्या बसच्या फेऱ्यांसाठी, आतल्या वस्तीतल्या झाडांसाठी, उन्हाळ्यात उघड्या राहणाऱ्या वाचनालयासाठी कर भरायचा आणि कुरकुर करायची नाही. गल्लीतल्या एकट्या म्हातारीचं दार वाजवायचं, हा त्यातला बिनपैशाचा भाग.

रविवारी ऊन परत आलं. मेमोरियल डेच्या सुट्ट्यांपासून इथले किनारे पोहायला खुले होतात, त्यामुळे काठावर गर्दी होती. बर्फाची पेटी दोघांत धरून आलेली कुटुंबं, खांद्यावर पोरं, हातात घडीच्या खुर्च्या. निम्म्याहून अधिक लोक बसने आले असावेत, कारण परतीच्या थांब्यावर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. दोन बस भरून न थांबताच पुढे गेल्या. तिसरी येईपर्यंत वारा पडला होता.