उपाधी आणि दोन राउटर

सातारा-सांगलीकडच्या दुमजली घरात वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर बसवला, की खालचा मोबाइल आणि वरचा टीव्ही बहुधा एकमेकांना सापडत नाहीत, कारण प्रत्येक राउटर आपल्या जाळ्यातील उपकरणांना स्वतंत्र पत्ते वाटतो. अद्वैत वेदान्त अशा भेदाचे मूळ उपाधीत, म्हणजे वस्तू न बदलता तिला मर्यादित भासवणाऱ्या अटीत, शोधतो. इथे ती उपाधी म्हणजे दुसऱ्या राउटरचे पत्तेवाटप; ते बंद करून केबल त्या राउटरच्या लॅन पोर्टात जोडली, की मजले तसेच राहून भेद मावळतो. मात्र उपकरणांचे ऐक्य हे माणसांचे ऐक्य नव्हे, आणि हा विवेक सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने अधिक नेमका दाखवला: २०२२ साली तेथे संध्याकाळी सातचा भोंगा वाजताच दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचे ठरले.