परक्या हातचा घास

प्रवासांत मनुष्याच्या विद्वत्तेची परीक्षा क्वचित् होते. त्याच्या सवयींची मात्र पदोपदीं होते. कांहीं वर्षांपूर्वीं एका परिषदेच्या निमित्तानें मला इथिओपियाच्या राजधानीस, अदिस अबाबा येथें, जाण्याचा योग आला. तेथील एका प्राध्यापकांनीं मला आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें. इंजेरा हें त्या देशाचें राष्ट्रीय अन्न. टेफ नांवाच्या, खसखशीएवढ्या बारीक धान्याचें पीठ कांहीं दिवस आंबवून मोठ्या वाटोळ्या तव्यावर एकाच बाजूनें भाजलेली ही पोळी आपल्या आंबोळीची थोरली बहीण शोभावी अशी जाळीदार, मऊ व आंबूस असते. तीच ताटाचें काम करते आणि तीच भाकरीचें. कालवणें तिच्यावरच वाढावयाचीं.

त्या दिवशीं बुधवार होता. इथिओपियन ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक बुधवारीं व शुक्रवारीं मांस, दूध, अंडीं वर्ज्य करतात. त्यामुळें मसुरीची आमटी, कोबी आणि शिरो नांवाचें, आपल्या पिठल्याशीं सख्खें नातें सांगणारें कालवण एवढाच बेत होता. माझ्यासारख्या शाकाहारी मनुष्यास ‘नको’ म्हणावयास कांहींच कारण नव्हतें.

हातांवर पाणी घालून झालें. एकाच इंजेऱ्याभोंवतीं आम्ही पांच जण बसलों. मी आपल्या बाजूचा तुकडा बेतानें तोडून खात होतों, तोंच यजमानीणबाईंनीं आपल्या हातानें कालवण गुंडाळून एक मोठा घास केला आणि माझ्या ओठांपाशीं आणला. यास तेथें गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितका स्नेह अधिक. तो नाकारणें हा अपमान. हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. तथापि माझें तोंड उघडेना.

मन तत्काळ सबबी शोधूं लागलें. डॉक्टरांनीं सांगितलें आहे, पोट नाजूक आहे, इत्यादि. खरें कारण निराळें होतें. तो हात जेवता होता, आणि तो परका होता.

अन्न नाकारण्याचा हक्क मनुष्यास आहेच. कोणी व्रतास्तव नाकारतो, कोणी भूतदयेस्तव, कोणी प्रकृतीस्तव. पण या सर्वांहून वेगळा असा एक नकार आहे, कीं जो अन्नास नसून अन्न देणाऱ्यास असतो. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून जो गहजब उडाला, त्यांतही वाद चहाच्या चवीचा नव्हता. हे दोन नकार ओळखावे कसे? माझ्या मतें कसोटी सोपी आहे. जें कारण यजमानाच्या तोंडावर सांगतां येतें तें बहुधा निर्दोष असतें. ज्यास सबबीआड लपावें लागतें तें आपल्याच सद्सद्विवेकबुद्धीस पटलेलें नसतें.

कोणी म्हणेल, किळस ही शरीराची. तिला नीतीचा न्याय कां लावावा? परंतु ती आपणांस शिकविलेली असते. आपल्याकडे लग्नांत वधूवर एकमेकांस घास भरवितातच. म्हणजे घास भरविण्याची रीत आपणांस परकी नाहीं. तिला कुंपण मात्र आपण आपल्या उंबरठ्यापाशीं घातलें. आणि जें शिकविलें गेलें तें विसरतांही येतें. न्यायाचीं कृत्यें करीत गेल्यानेंच मनुष्य न्यायी होतो, असें ॲरिस्टॉटलचें मत आहे. मन शुद्ध होण्याची वाट पाहत बसल्यास तोंड कधींच उघडावयाचें नाहीं.

मीं तें उघडलें. घास आंबट होता, तिखट होता आणि मोठा होता. तो गिळतांना अंगावर शहारा आला, हेंही येथें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्या घासास तो आला नाहीं.

रात्रीं मला आमच्या खेडेगांवचें घर आठवलें. शेतावर राबणाऱ्या गड्यासाठीं कान तुटलेला एक कप वळचणीला ठेवलेला असे. चहा पिऊन तो स्वतःच तो कप विसळी आणि परत तेथें ठेवी. आम्ही त्याच्याशीं गोडच बोलत असूं. त्या कपाचें कारण त्यानें कधीं विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें, तर आमच्यापैकीं एकालाही तें त्याच्या तोंडावर सांगतां आलें नसतें.