पडद्यावर लिहिलं होतं, वाचलंस का?

'मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा आहे सर, जुन्या मशीनला चालत नाही.' हे तू मला सांगतोस? दोन वर्षं माझ्या हाताखाली काढून? कंपनी मध्येच कुठून आली? 15 पिनांचं हे व्हीजीए 1987 साली आयबीएमच्या पीएस/2 वर आलं आणि पुढे सगळ्यांनीच उचललं. कंपनीचं नाव केबलला कळत नाही.

मशीन चालू केल्यावर काय दिसलं? बायोसची अक्षरं दिसली. एक्सपीचा लोगो दिसला. म्हणजे केबल धड, मॉनिटरही धड. डेस्कटॉप यायच्या वेळी पडदा काळा झाला आणि त्यावर चौकट आली: 'आऊट ऑफ रेंज'. शेजारी 85 हर्ट्झ. वाचलीस ती? नाही. तीन केबली बदलल्यास, दुकानदाराशी भांडून आलास, पण दोन ओळी वाचायचा कंटाळा!

हे 85 आलं कुठून? आठव. जुना सीआरटी 60 वर लुकलुकायचा, डोकं दुखायचं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन 85 कुणी केलं? तूच. तेव्हा बरोबर केलंस, त्याला ते मानवत होतं. हा एलसीडी 60 चा. फार तर 75 सोसेल. मॉनिटर बदललास, आकडा तसाच ठेवलास. मशीन तुझाच हुकूम पाळतंय आणि तू नव्या मॉनिटरला नावं ठेवतोस. नाचता येईना, अंगण वाकडं!

ज्याला येत नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही. गेल्या वर्षी मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर नुसत्या नजरेनं कुणी हेरला होता? ती नजर आज कुठे गहाण टाकलीस? तुला कळत नव्हतं असं नाही. चूक स्वतःची निघेल म्हणून तू तिकडे पाहिलंच नाहीस. हेच मला लागलं.

मॉनिटर परत करायचा नाही. ऊठ, मशीन लाव. लोगो यायच्या आत एफ-8 दाब. 'एनेबल व्हीजीए मोड' निवड. 640 बाय 480 चं चित्र ढोबळ दिसेल, दिसू दे. डिस्प्ले, सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, मॉनिटर. तिथे 60 कर, मग रीस्टार्ट. डेस्कटॉप आला की मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन लाव, नाहीतर अक्षरं पुसट दिसतात म्हणून पुन्हा दुकान गाठशील. मी इथेच बसलोय.