खतामागे पाहण्याचा हक्क

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमलेले शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी खतपत्रे मागितली. दुकाने लुटली गेली, आगही लागली. पण दंगा गावोगाव पसरत गेला तसे दिसून आले, की सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तर लोक ती जाळून बहुधा तसेच निघून जात. त्यांचा सगळा रोष कागदावर होता. कुळाच्या आयुष्यावर सत्ता चालवत होता तो कागद, आणि त्या कागदामागे काय घडले हे विचारायला कोणी तयार नव्हते.

कागदाला ही ताकद फार जुन्या काळापासून नव्हती. दामदुपटीचा नियम आपल्याकडे कितीतरी शतके माहीत होता: कितीही वर्षे लोटली तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकार तेव्हाही नाडत असे, पण गाव, पाटील आणि पंच हे सगळे तो व्यवहार ओळखून असत. इंग्रजी अमलात हा निवाडा मुनसफाच्या कोर्टात गेला. कोर्ट विचारी एवढेच: सही किंवा अंगठा याचाच आहे का? असेल तर हुकूमनामा. बहुतेक कुळे तारखेला हजरच राहत नसत, त्यामुळे निकाल एकतर्फी लागत.

1859 च्या मुदतीच्या कायद्याची कहाणी तर विलक्षण आहे. साध्या खतावरचा दावा तीन वर्षांतच करावा, असे त्याने ठरवले. व्याज वर्षानुवर्षे साचू नये हा हेतू चांगला होता. पण सावकाराने दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि मागचे थकलेले व्याज त्यात मुद्दल होऊन बसले. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यानेच त्याचे कर्ज फुगवले. त्यातच अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता आणि सरकारने शेतसारा वाढवला होता.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे जिल्हे त्याखाली आले. माझ्या मते आपल्याकडच्या ग्राहकहक्काचा विचार खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतो. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले, की खत कबूल असले तरी थांबू नका. व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जा. मुद्दल वेगळे मांडा, व्याज वेगळे मांडा, मध्येच मुद्दलात मिसळलेले व्याज बाजूला काढा. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, कुळाने मागितले तर पासबुक लिहून द्यावे. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणेही बंद झाले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

सावकारांनी वाट काढलीच. गहाणाऐवजी ते खरेदीखत करून घेऊ लागले, म्हणजे कर्ज दिसतच नसे. मग पुढे कोर्टाला अधिकार मिळाला, की विक्री म्हणून लिहिलेला व्यवहार मुळात गहाण होता का, हेही तपासावे. तोच धागा महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात दिसतो. अवैध सावकारीतून गेल्या 15 वर्षांत बळकावलेली जमीन परत देण्याचा आदेश त्याखाली जिल्हा उपनिबंधक काढू शकतो, मग हातात रीतसर खरेदीखत असो.

सावकाराच्या बाबतीत हे दार उघडे राहिले, बँकेच्या बाबतीत मात्र ते बंद झाले. अवाजवी व्याजाचे कर्ज पुन्हा उघडून पाहण्याचा अधिकार 1918 च्या कायद्याने सगळ्या कोर्टांना दिला होता. 1984 मध्ये बँकिंग कायद्यात कलम 21-अ आले आणि बँकेचा व्याजदर जास्त आहे, या कारणावरून कोर्टाने तिचा व्यवहार उघडू नये असे ठरले. क्रेडिट कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते हे खरे आहे, पण ती देखरेख एकेका कर्जदाराचे खाते उलगडून बसत नाही. 1879 चा न्यायाधीश नेमके तेच करत होता, म्हणून मला हे पाऊल मागे पडलेले वाटते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना आणली. कर्ज मुदतीआधी फेडायला आडकाठी करणारी किंवा अवाच्या सवा दंड लावणारी अट आता आव्हानाला पात्र आहे. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देताना एकूण वार्षिक खर्च आणि सगळे आकार मांडणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. पासबुकाचा तो जुना हट्ट असा परत आला.

आता अंगठ्याची जागा ओटीपीने घेतली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने एक मोठी गोष्ट केली: ग्राहकाच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले तर त्याची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याच्या माथी. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: अंगठा तुझाच ना?

पोलीस असल्याचे भासवून फोनवर घातलेल्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने एखाद्या निवृत्त शिक्षिकेने मुदतठेव मोडली आणि एका दुपारी सगळी पुंजी अनोळखी खात्यांत पाठवली, तर बटण तिनेच दाबलेले असते. तेवढ्यावर निकाल देणे म्हणजे 1875 च्या आधीच्या मुनसफाकडे परत जाणे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर तिने लगेच फोन केला, तर पुढच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. पण तिथून पैसे पुढे सरकायला फार वेळ लागत नाही. म्हणून व्यवहाराचा इतिहास पाहायलाच हवा. तिच्या खात्यावर अशी हालचाल पूर्वी कधी झाली होती का, ठेव मोडताना कोणी काही विचारले का, इशारा यंत्रणेत उमटला का, याची नोंद फक्त बँकेकडे असते. हिशेब ज्याच्याकडे, त्यानेच तो मांडावा.

त्याहून महत्त्वाची नोंद दुसऱ्या बँकेकडे असते, जिथे पैसे जमा झाले तिच्याकडे. ते खाते कोणाच्या कागदांवर उघडले आणि लाखो रुपये येऊन त्याच दिवशी निघून गेले तेव्हा तिने काय केले, हे तिनेच सांगायला हवे. पण फसवली गेलेली बाई त्या बँकेची ग्राहक नसते. तक्रारीच्या आजच्या बहुतेक वाटा बँक आणि तिचा ग्राहक यांच्यापुरत्या आखलेल्या आहेत, आणि त्या दुसऱ्या बँकेला हिशेब विचारण्याची सरळ वाट तिला अजून मिळालेली नाही.